नाटकवाल्यांच्या ठकबाजीवर विनोदी चित्रपट लिहिताय? या चुका टाळा

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आटोपली, की सोलापुरातल्या हौशी संस्थांमधली उत्साही मुले चित्रपटाच्या मागे लागतात. नाटकाचा संच तयार असतो, कोणाच्या तरी ओळखीने कॅमेरा भाड्याने मिळणार असतो, आणि मग एक संहिता माझ्याकडे वाचायला येते. तिचा विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो: देण्याखाली दबलेली नाटक मंडळी, तोंडावर आलेला प्रयोग, आणि ‘आपल्याला अभिनय येतो, तर तोच वापरून एखाद्या धनिकाला गंडवू’ अशी त्यांच्यातल्या एकाला सुचलेली युक्ती. विषय फार चांगला आहे. वेष, आवाज, पाठांतर, प्रसंगावधान आणि समोरच्याचा चेहरा वाचण्याची सवय, असे ठकाला जे जे लागते ते सगळे नटापाशी असते. तरीही नट चांगला ठक होऊ शकत नाही, कारण ठकाला कोणाच्या लक्षात राहायचे नसते आणि नटाचा सारा जन्म लक्षात राहण्यासाठी चाललेला असतो. एवढ्या एका विसंगतीवर दोन तासांचा विनोदी चित्रपट सहज उभा राहतो.

मात्र हाती येणाऱ्या संहितांमध्ये ही विसंगती कोणी वापरलेली दिसत नाही, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. त्यांतल्या काही चुका केवळ घाईच्या आहेत, काही आळसाच्या आहेत, आणि एक-दोन अशा आहेत की त्या दुरुस्त केल्या तर संहितेचा कायापालट होतो. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

नटांना वाईट नट ठरवू नका

सर्वांत जास्त आढळणारी आणि मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही आहे. संहितेतला नट व्यापाऱ्यासमोर उभा राहतो, खर्जातला आवाज लावतो, हातवारे करत पल्लेदार वाक्ये फेकतो, त्याची मिशी अर्धी लोंबत असते, आणि एवढे सगळे होऊनही व्यापारी त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे काढून देतो. अतिरंजित अभिनय दिसला म्हणजे प्रेक्षक हसणारच, असे लिहिणाऱ्याला वाटते. पहिल्या मिनिटाला प्रेक्षक हसेलही. त्यानंतर मात्र त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात. समोरचा व्यापारी मूर्ख आहे, त्यामुळे त्याला फसवण्यात काही कौशल्य नाही, ही पहिली. आणि ही मंडळी आपल्या कलेतच कच्ची आहेत, त्यामुळे त्यांची संस्था बुडाली तर बुडू दे, ही दुसरी. कथेतली धास्ती आणि माणसांविषयीची आपुलकी एकाच प्रसंगात संपते, आणि उरलेला चित्रपट नुसत्या पळापळीवर ओढावा लागतो.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात १९६२ पासून प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर एकाच ठकाची पाच वेगवेगळी रूपे उभी केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हे त्यांतले सर्वांत गाजलेले रूप. त्या पाचांपैकी एकही रूप वेडगळ नाही. ज्या घराला फसवायचे त्या घराला जे हवे आहे, नेमके तेच रूप नेटकेपणाने त्याच्या दारात येते, आणि म्हणूनच न्यायालयात तो माणूस शांतपणे सगळे नाकारतो तेव्हा प्रेक्षकाला हसूही येते आणि चीडही येते. विनोदी संहिता लिहिणाऱ्याने हा शांतपणा नीट अभ्यासावा.

नट उत्तम असू द्या, आणि बनाव बिघडू द्या तो त्याच्या उत्तम नट असण्यामुळे. रंगमंचावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या अंगात काही सवयी मुरलेल्या असतात. तो प्रेक्षकांकडे पाठ करत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याच्या केबिनमध्येसुद्धा तो नकळत कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून बोलतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय असल्याने त्याची कुजबुज बाहेर बसलेल्या लेखनिकाला ऐकू जाते. वाक्य जमले, की टाळीसाठी तो क्षणभर थांबतो आणि टाळी आली नाही, की अस्वस्थ होऊन तेच वाक्य आणखी रंगवून म्हणतो. काम फत्ते झाल्यावर निघून जाण्याऐवजी ‘एक्झिट’ चांगली व्हावी म्हणून तो दारातून परत वळतो. संस्थेत कायम नोकराची भूमिका मिळालेला मुलगा बनावातही आपल्याला ड्रायव्हरच केले म्हणून रुसतो आणि ऐन प्रसंगात स्वतःच्या मनाची चार वाक्ये वाढवतो. यांतले काहीही मला बसल्या जागी सुचलेले नाही. ज्याने महिनाभर एका संचाबरोबर तालमी केल्या आहेत त्याने हे सगळे पाहिलेले असते, आणि तरीही लिहायला बसला की तो लोंबणारी मिशीच लिहितो.

यावर माझा एक उपाय आहे आणि मी तो प्रत्येकाला करायला लावते. प्रत्येक पात्राच्या नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या: त्याला आजवर कायम मिळालेली भूमिका कोणती, आणि मनापासून हवी असूनही कधीच न मिळालेली भूमिका कोणती. मग बनावात त्याला ती न मिळालेली भूमिका द्यायची. तिशीपासून फक्त आईची कामे केलेली अभिनेत्री या बनावात एका मोठ्या कंपनीची मालकीण होते. तिच्यासमोर लोक उठून उभे राहतात, तिची सही घ्यायला थांबतात. ठरलेली रक्कम हाती आल्यावर बाकीच्यांना पळायचे असते आणि तिला मात्र ती खुर्ची सोडवत नाही. येथे विनोदासाठी वेगळे काही करावे लागत नाही आणि त्या बाईविषयी प्रेक्षकाला वाटणारी माया शेवटपर्यंत टिकते.

आपले गाव न बघता लिहू नका

दुसरी चूक सोलापुरातल्या मुलांनीच करावी याचे मला आजही वाईट वाटते. एका हौशी संस्थेने याच विषयावर लघुपट करायला घेतला होता. कथेत नाटकवाली मंडळी पूर्व भागातल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखानदाराकडून मोठा माल उधारीवर उचलणार होती, आणि त्यासाठी त्यांचा मुख्य नट हैदराबादच्या हॉटेलांचा खरेदी व्यवस्थापक बनून जाणार होता. संवाद वाचायला घेतले तर त्या नटाचे सगळे बोलणे मोडक्या मराठीत होते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘अंडी’ आणि ‘अय्यो’ चिकटवलेले होते, आणि कारखानदार ते ऐकून भारावून जात होता. मी विचारले, की कारखानदाराचे घराणे कोणते? पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगूभाषक विणकरांपैकी, असे उत्तर आले. तीन पिढ्यांपासून सोलापुरात यंत्रमाग चालवणारा पद्मशाली माणूस घरी कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न त्या मुलांना पडलेलाच नव्हता. त्याच्या घरी, त्याच्या कारखान्यात आणि त्याच्या गल्लीत तेलुगू बोलली जाते, हे शहरातल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. असा माणूस खोटा हैदराबादी पहिल्या वाक्यालाच ओळखेल.

दिग्दर्शकाचे म्हणणे असे पडले, की प्रेक्षक एवढा विचार करत नाही आणि कॅमेऱ्याचे भाडे आगाऊ भरून झाले आहे. ही दोन वाक्ये ऐकली, की माझा संताप होतो. प्रेक्षक विचार करत नाही असे मानून लिहिलेला विनोद आणि भाड्याच्या तारखेसाठी लिहिलेला विनोद, दोन्ही सारखेच पोकळ असतात. मी त्यांना चित्रीकरण पुढे ढकलायला लावले आणि कन्ना चौकाच्या आसपास, भद्रावती पेठेत, चहाच्या टपऱ्यांवर आणि ओळखीच्या एका कारखान्याच्या ओट्यावर बसून नुसते ऐकायला सांगितले. तिथला मालक कामगाराशी तेलुगूत बोलतो, मुनिमाशी मराठीत, विजापूरकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि टेम्पोवाल्याशी दखनी उर्दूत. आणि हे चारही संवाद तो एका चहात, एका दमात करतो. मुले गप्प होऊन परत आली.

त्यानंतर तो प्रसंग नव्याने लिहिला गेला. नव्या प्रसंगात नट तेलुगूची मोजकी वाक्ये नाटकाच्या संहितेसारखी पाठ करून जातो. त्याचा कान तयार असल्याने उच्चार निर्दोष आहेत, लय निर्दोष आहे, आणि पहिले वाक्य ऐकताच कारखानदाराचा चेहरा उजळतो. अडचण एवढीच, की वाक्ये ज्या क्रमाने पाठ केली त्या क्रमानेच येतात. कारखानदार मध्येच विचारतो, की तुमचे मूळ गाव कोणते. आणि नटाच्या क्रमात पुढचे वाक्य टॉवेलच्या वजनाचे असते. टॉवेलांच्या थप्पीमागे संस्थेचा प्रॉम्प्टर लपलेला आहे, पण त्याला स्वतःला तेलुगू येत नसल्याने तोही कागदावरचे पुढचेच वाक्य पुरवतो. शेवटी नट तेच करतो जे वाक्य विसरलेला प्रत्येक नट करतो: समोरच्यालाच प्रश्न टाकतो. त्याच्याजवळ पाठ असलेला एकमेव प्रश्न आहे, ‘मीरु भोजनं चेशारा?’, म्हणजे आपले जेवण झाले का. झाले! दुपारची वेळ, पाहुणा आपल्या भाषेचा, आणि त्याने स्वतःहून जेवणाची चौकशी केलेली. कारखानदार त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन जातो, आणि घरी त्याची आजी बसलेली आहे, जिला तेलुगूशिवाय एकही भाषा येत नाही.

पहिल्या खर्ड्यात कारखानदार मूर्ख होता म्हणून डाव यशस्वी होत होता. नव्या प्रसंगात तो अगत्यशील आहे म्हणून डाव हाताबाहेर जातो, नट हुशार आहे म्हणून अडकतो, आणि प्रेक्षकाला दोघांचीही काळजी वाटू लागते. लघुपट दाखवला तेव्हा त्या तेलुगू वाक्यांखाली मराठी अक्षरे टाकायची की नाही यावर पुन्हा वाद झाला. मी टाकू नका म्हटले. सभागृहातले तेलुगूभाषक आधी हसले, त्यांच्याकडे बघून बाकीचे हसले, आणि ज्याला शब्द कळले नाहीत त्यालाही नटाची अवस्था कळली.

म्हणून बोलीची टिंगल करून हशा मिळवण्याचा सोपा मार्ग घेऊ नये. सोलापुरी माणसाच्या तोंडचे ‘काय बे’ ही त्याची आपुलकी आहे. ते प्रत्येक वाक्याला जोडले, की पात्र नाहीसे होते आणि उच्चार तेवढा उरतो. ज्या भाषेत पात्र बोलणार असेल, ती बोलणाऱ्या माणसाला संहिता मोठ्याने वाचून दाखवावी, आणि तो कुठे कपाळाला आठी घालतो तिथे खूण करावी.

संपूर्ण बेत आधी सांगून तो तसाच पार पाडू नका

ही चूक समजावून सांगायला सोपी आहे, पण नवशिके ती मान्य करायला फार वेळ लावतात. तालमीच्या हॉलमध्ये सगळे गोल बसतात, सूत्रधार खडूने फरशीवर नकाशा काढतो, कोण कुठून येणार आणि काय बोलणार हे सविस्तर सांगतो. आणि पुढची वीस मिनिटे प्रेक्षक तेच सगळे घडताना बघतो. एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली. बेत प्रेक्षकाला पूर्ण सांगितला असेल तर तो पार पडता कामा नये, आणि बेत यशस्वी व्हायचा असेल तर त्यातला महत्त्वाचा भाग प्रेक्षकापासून लपवावा. विनोदी चित्रपटाला यांतली पहिली वाट जास्त मानवते, कारण काय व्हायला हवे होते हे माहीत असल्यामुळेच जे होते आहे त्याचे हसू येते. नाटकवाल्यांच्या कथेत तर ही सोय आयती मिळते: बनावाची तालीम दाखवा. तालमीत व्यापाऱ्याची भूमिका करणारा सहकारी नेमका ठरलेलीच उत्तरे देतो आणि सगळे सुरळीत पार पडते. खऱ्या व्यापाऱ्याने मात्र संहिता वाचलेली नसते.

हाच नियम रहस्याला उलट लागू होतो. शेवटी उघड करायचे गुपित असेल, तर त्याच्या खुणा आधीच्या प्रसंगांत उघड्यावर ठेवलेल्या असल्या पाहिजेत. हल्ली मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत चित्रपट पाहून शिकलेली मुले शेवटचा धक्का आधी ठरवतात आणि मग त्याच्यासाठी कथा मागे ढकलत नेतात. असा धक्का प्रेक्षकाला बसत नाही. त्याला फक्त आपल्याला काहीतरी सांगितले नव्हते एवढे कळते.

सावज चुकीचे निवडू नका

फसवला जाणारा माणूस गरीब, एकटा, म्हातारा किंवा नुसताच भोळा असेल, तर विनोद तिथेच मरतो. निवृत्तीची पुंजी गमावलेल्या म्हाताऱ्याच्या बातम्या आपण रोज वाचतो आणि त्या वाचून कोणाला हसू येत नाही. याउलट सावज इतके दुष्ट केले, की त्याच्या घरी गुंड आणि तळघरात पैशांची पोती असतात, तर ती वेगळ्याच जातीची कथा होते आणि नाटकवाले तिच्यात परके वाटू लागतात. सावजाचा स्वतःचा एक लहानसा लोभ किंवा लहानसे खोटेपण असावे आणि बनाव त्याच्याच बळावर चालावा. उदाहरणार्थ, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावता येते. अशा वेळी बाहेरगावचा हलका माल आणून त्यावर सोलापूरचा शिक्का मारणारा एखादा व्यापारी घ्या. तो स्वतःच खोटी ओळख विकतो आहे, त्यामुळे खोटी ओळख घेऊन आलेल्या नटांसमोर त्याला बसवले, की प्रसंगाला आपोआप दुहेरी रंग चढतो. शिवाय फसवणूक लक्षात आल्यावर तो पोलिसांत का जात नाही, या प्रश्नाचे उत्तरही मिळते, आणि हा प्रश्न मला प्रत्येक संहितेत विचारावा लागतो.

पैसे कशासाठी हवेत, तेही येथेच पाहावे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये, हे कारण आता पूर्णपणे झिजले आहे, आणि दोन कोटींची रक्कम लिहिणाऱ्याने हौशी संस्थेचा ताळेबंद कधी पाहिलेला नसतो. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याचे लाकूड, प्रकाशयोजनेचे साहित्य, कपडेपट आणि ट्रक एवढ्यासाठी मंडळी अडलेली असतात. रक्कम लहान, तारीख पक्की आणि ती तारीख हातची गेली तर वर्ष वाया, असे असेल तर प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो.

रंगभूषेची चूक

रंगमंचावरची रंगभूषा लांबून आणि दिव्यांच्या प्रकाशात बघण्यासाठी असते. तोच पॅनकेक, तीच काजळाची रेघ आणि तीच क्रेपची दाढी दिवसाउजेडी दोन हातांवरून पाहिली तर लहान मूलही ओळखेल. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि घाम आला, की दाढी-मिशी चिकटवणारा स्पिरिट गम सुटायला लागतो. हे माहीत असलेला लेखक संस्थेच्या रंगभूषाकाराला एक खरे पात्र बनवू शकतो: ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, कोणी दाढी लावून घेतली नाही तर ज्याला अपमान वाटतो, आणि ज्याला सगळे जण ‘नुसता चष्मा आणि वेगळा भांग पुरे’ म्हणून विनवत आहेत. चित्रीकरणासाठी खरोखरच मिशी चिकटवणार असाल, तर माझी पद्धत साधी आहे. मिशी लावून नटाला भर दुपारी नवी पेठेतून एक फेरी मारून यायला सांगते. परत आल्यावर मिशी जागेवर असेल आणि वाटेत कोणी वळून पाहिले नसेल, तरच ती पडद्यावर चालते. स्त्रीवेषाचा प्रसंग मात्र कथेला अगदीच अटळ असेल तरच लिहावा.

कायदा आणि कागदपत्रे

चित्रपट आजच्या काळात घडत असेल तर फौजदाराच्या तोंडी भारतीय दंड संहितेचे कलम ४२० घालू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. फसवून मालमत्ता द्यायला लावण्याचा गुन्हा आता कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात येतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, तर तोतयेगिरी करून फसवणे कलम ३१९ मध्ये येते. चहाच्या टपरीवरचा माणूस अजूनही ‘चारशेवीस’च म्हणेल आणि त्याने म्हणावे; गुन्हा नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने म्हणू नये. कपडेपटातला पोलिसी गणवेश घालून कोणाला गंडवणे हा तर प्रत्येक दुसऱ्या संहितेतला प्रसंग असतो. लोकसेवक असल्याचा आव आणणे कलम २०४ खाली आणि त्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख चढवणे कलम २०५ खाली स्वतंत्र गुन्हे आहेत, हे निदान संचातल्या एका भित्र्या पात्राला माहीत असू द्या. त्याच्या भीतीने प्रसंग जास्त खुलतो. आणि रस्त्यावर असा प्रसंग चित्रित करण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. परवानगीशिवाय ‘गुपचूप उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.

जीएसटी क्रमांकाचा प्रश्नही असाच. उधारीवर माल देणारा कोणताही व्यापारी आज पहिल्यांदा तो क्रमांक मागतो आणि सरकारी संकेतस्थळावर मिनिटभरात पडताळून पाहतो. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६. वर सांगितलेल्या नटाने हैदराबादची कंपनी म्हणून २७ ने सुरू होणारा क्रमांक छापून आणला, तर त्याच्या तोंडची निर्दोष तेलुगूसुद्धा त्याला वाचवू शकणार नाही. लेखकांना हे तपशील अडथळे वाटतात. मला ते आयते मिळालेले प्रसंग वाटतात. रोख रकमेची बॅग एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, हेही आता विचार करूनच लिहावे, कारण पैसे थेट खात्यावर गेले, की देणाऱ्याच्या मोबाइलवर खातेदाराचे खरे नाव दिसते, आणि नटाचे खरे नाव दिसणे ही या कथेतली सर्वांत मोठी आपत्ती आहे.

काही लहान चुका

विनोदी प्रसंगाखाली ‘टुंई’ किंवा ‘ढँण’ असे आवाज टाकू नयेत. कलावंतांच्या उपेक्षेवर कोणत्याही पात्राला भाषण देऊ नये; जुन्या बिलांची फाईल उघडून दाखवली तरी पुरते. सोलापुरात दरवर्षी भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शेवटचा पाठलाग लिहू नये, कारण गर्दी कॅमेऱ्याकडे बघते आणि भाविकांच्या उत्सवात आपली धावपळ शोभत नाही. चित्रपटातल्या मंडळींनी प्रयोगाच्या सकाळी नवीन नाटक लिहून संध्याकाळी सादर केले, असेही लिहू नये. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि हे नाटकवाल्यांना माहीत नाही असे दिसले तर जाणकार प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो.

चित्रीकरणाची घाई

संहिता पूर्ण झाली, की नवशिक्यांना दुसऱ्या दिवशी कॅमेरा हवा असतो. माझा आग्रह असा आहे, की संहिता आधी मोठ्याने वाचावी आणि तीही अशा चार-पाच माणसांसमोर, ज्यांना कथा माहीत नाही आणि ज्यांचा आपल्यावर लोभ नाही. मी स्वतः अशा वाचनाला पेन्सिल घेऊन बसते आणि हसू आले ती जागा खुणेने नोंदवते. लेखकाने ज्या वाक्यावर जीव ओवाळून टाकलेला असतो त्यावर बहुधा कोणी हसत नाही, आणि साध्या ‘बसा ना’ या शब्दांवर सगळे हसतात. ही नोंद हातात असल्याशिवाय संवाद कापायला घेऊ नयेत. त्यानंतर बनावाचा मुख्य प्रसंग एकांकिकेसारखा बसवून एकदा सलग करून पाहावा. रंगमंचावर जो प्रसंग पंधरा मिनिटे टिकत नाही, तो संकलनाने टिकेल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

सलग करून पाहिल्याचा आणखी एक लाभ होतो. फसवणारा आणि फसणारा एकाच चौकटीत असले पाहिजेत, हे तेव्हा कळते. थाप मारली जाते त्या क्षणी ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला नाही तर विनोद निम्मा होतो, म्हणून प्रत्येक वाक्याला जवळून चेहरे दाखवण्याचा मोह आवरावा, कॅमेरा थोडा मागे घ्यावा आणि दोघांनाही त्यांच्या वेळेने खेळू द्यावे. ज्यांना नाटकाची सवय आहे त्या नटांचे हेच तर बळ आहे. ते पूर्ण प्रसंग न तुटता पेलू शकतात आणि कापाकापीत त्यांचे ते बळ वाया जाते.

कारखान्यातला प्रसंग असेल तर आवाजाचा विचार लिहितानाच करावा. यंत्रमाग चालू असताना शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि नंतर स्टुडिओत भरलेले संवाद विनोदाची वेळ हटकून चुकवतात. मी ज्या मालकांना ओळखते ते महत्त्वाचे बोलणे निघाले, की कार्यालयाचे दार लावून घेतात. ते दार संहितेत आणावे: बंद असताना संवाद चालतील, आणि चहा घेऊन पोऱ्या आत आला, की उघड्या दारातून खडखडाट आत शिरून नटाचे नेमके महत्त्वाचे वाक्य गिळून टाकेल. असे दार असलेला कारखाना सापडला नाही तर माग बंद असलेल्या दिवसाची तारीख मालकाकडून आधी लिहून घ्यावी आणि खडखडाट वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा.